शिर्डीचा भिक्षेकरी आणि बचावाचा वकील

ज्या माणसाचे स्वातंत्र्य शासन न्यायालयाच्या आदेशाने काढून घेऊ पाहते, त्याला त्या न्यायालयात आपली बाजू मांडणारा वकील मिळाला पाहिजे, हे तत्त्व भारतात आज कोणी उघडपणे नाकारीत नाही. संविधानाच्या अनुच्छेद २२ ने अटक झालेल्या व्यक्तीला अटकेची कारणे जाणून घेण्याचा आणि पसंतीच्या वकिलाकडून सल्ला व बचाव मिळवण्याचा अधिकार दिला आहे, अनुच्छेद ३९-क ने मोफत विधी साहाय्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने या दोन्ही तरतुदी अनुच्छेद २१ मधील व्यक्तिस्वातंत्र्याच्या हमीशी जोडून घेतल्या आहेत. तरीही न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कामकाजाचा एक कोपरा असा उरला आहे, की जेथे माणूस वॉरंटशिवाय पकडला जातो, न्यायालयापुढे उभा केला जातो आणि एक ते तीन वर्षांसाठी बंदिस्त होऊ शकतो, परंतु त्याच्या बाजूने बोलणारे तेथे बहुधा कोणी नसते. भीक मागण्याच्या आरोपावरून चालणारी कार्यवाही हा तो कोपरा होय, आणि त्याचा विचार करण्यास शिर्डीइतके योग्य स्थळ महाराष्ट्रात दुसरे सापडणे कठीण आहे.

शिर्डीचा वकिलांशी असलेला संबंध जुना आहे. साईबाबांच्या हयातीत येथे येणाऱ्या भक्तांमध्ये वकीलवर्ग ठळकपणे दिसतो: मुंबईचे सॉलिसिटर हरि सीताराम ऊर्फ काकासाहेब दीक्षित यांनी येथे वाडा बांधला, नाशिकचे वकील धुमाळ वारंवार येत राहिले, आणि अमरावतीचे नामांकित वकील गणेश श्रीकृष्ण खापर्डे यांनी १९१०च्या डिसेंबरात पहिली भेट देऊन पुढे १९११–१२ च्या हिवाळ्यात दीर्घ मुक्काम केला, ज्याची नोंद त्यांच्या दैनंदिनीत आहे. हे तेच खापर्डे होत, जे २२ जुलै १९०८ रोजी लोकमान्य टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात सहा वर्षे हद्दपारीची शिक्षा झाल्यानंतर प्रिव्ही कौन्सिलकडे दाद मागण्याच्या खटपटीसाठी विलायतेला गेले होते. त्या खटल्यात जामिनाचा अर्ज बॅरिस्टर जिना यांनी चालवला होता आणि बचावाचे भाषण स्वतः टिळकांनी अनेक दिवस केले होते. नऊ ज्यूरींपैकी सात युरोपियनांनी त्यांना दोषी ठरवले व दोन पारशांनी निर्दोष मानले. निकाल अन्यायाचा होता, पण आरोपीचा आवाज न्यायालयात उमटला नाही असे कोणी म्हणू शकले नाही.

शिर्डीच्याच एका खटल्याची आठवण धुमाळांच्या नावावर सांगितली जाते. गावातील काही जणांना एका स्त्रीशी गैरवर्तन केल्याच्या आरोपावरून शिक्षा झाली, मोठमोठ्या वकिलांनी प्रकरण अवघड म्हणून सोडून दिले, तेव्हा बाबांच्या सांगण्यावरून धुमाळांनी अहमदनगरला अपील चालवले आणि ते सुटले. भक्तांच्या दृष्टीने ही कृपेची कथा आहे; विधिज्ञाच्या दृष्टीने तीत एवढेच महत्त्वाचे की तुरुंगात असलेल्या खेडुतांसाठी अपील करणारा कोणीतरी पाठवला गेला. त्या काळच्या १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ३४० आरोपीला वकिलामार्फत बचाव करू देत असे, परंतु वकील आणायचा कोठून आणि त्याचे शुल्क भरायचे कोणी, याबाबत ते मौन पाळत असे. ज्याच्यामागे खापर्डे किंवा धुमाळ उभे राहतील त्याला तो अधिकार होता. इतरांना तो केवळ छापील होता.

ही तफावत संविधानसभेपुढेही होती. जीवित आणि स्वातंत्र्य 'कायद्याने प्रस्थापित केलेल्या कार्यपद्धतीनुसार' काढून घेता येईल, अशी शब्दरचना आधीच स्वीकारली गेल्यामुळे उद्या विधिमंडळ कोणतीही कार्यपद्धती ठरवील आणि न्यायालयाला काही करता येणार नाही, ही भीती अनेक सदस्यांना वाटत होती. तिची भरपाई म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी सप्टेंबर १९४९ मध्ये अनुच्छेद १५-अ मांडला, जो पुढे अनुच्छेद २२ झाला. अटकेची कारणे, वकिलाशी सल्लामसलत आणि चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे हजर करणे, या तीन किमान अटी विधिमंडळाच्या लहरीबाहेर ठेवणे हा त्यामागचा हेतू होता. मोफत वकिलाचा प्रश्न मात्र तेव्हा सुटला नाही. तो ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३९-क आणल्यानंतर, आणि खऱ्या अर्थाने न्यायालयांनी तो हाती घेतल्यानंतर, पुढे सरकला.

या वाटचालीतील बरेचसे टप्पे महाराष्ट्रातील प्रकरणांतून आले आहेत. १९७८ च्या माधव होसकोट प्रकरणात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी असे ठरवले की कैद्याला निकालाची प्रत वेळेवर मिळणे आणि अपिलासाठी वकील मिळणे हा त्याचा हक्क आहे, उपकार नव्हे. मुंबईच्या पोलीस कोठड्यांतील स्त्रियांच्या छळाविषयी पत्रकार शीला बर्से यांनी लिहिलेल्या पत्रावरून १९८३ मध्ये निकाल देताना न्यायमूर्ती भगवती यांनी पोलिसांना असा आदेश दिला की कोणालाही अटक करताच जवळच्या विधी साहाय्य समितीला तात्काळ कळवावे. १९८६ च्या सुक दास प्रकरणात, जे अरुणाचल प्रदेशातून आले होते, आरोपीने वकील मागितला नाही म्हणून तो देण्याची गरज नाही हा युक्तिवाद फेटाळला गेला, कारण ज्याला हक्क असल्याचेच ठाऊक नाही तो मागणार कसा. २९ ऑगस्ट २०१२ च्या अजमल कसाब निकालात हा हक्क आरोपीला पहिल्यांदा न्यायदंडाधिकाऱ्यापुढे आणले जाते त्या क्षणीच सुरू होतो असे स्पष्ट करण्यात आले, आणि न्यायदंडाधिकाऱ्याने हे कर्तव्य टाळल्यास त्याच्यावर विभागीय कारवाई होऊ शकते असेही बजावण्यात आले. नोव्हेंबर २०२५ मध्ये वरळीच्या मोटार अपघात प्रकरणातून आलेल्या निकालाने त्यात भर घातली, की अटकेची कारणे अटक झालेल्याला समजणाऱ्या भाषेत आणि लेखी दिली गेली पाहिजेत.

कायदा असा विस्तारत असताना त्याची गरज कोणाला सर्वाधिक आहे, हे नाशिकच्या एका खटल्याने दाखवले. भटक्या जमातीतील सहा जणांना २००३ मधील खून व बलात्काराच्या गुन्ह्यात फाशी सुनावण्यात आली, मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली, आणि २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या तिघांचीही फाशी पुन्हा कायम केली, तीही त्यांचे म्हणणे न ऐकता. ही उणीव लक्षात आल्यावर प्रकरण पुन्हा उघडले गेले आणि ५ मार्च २०१९ रोजी सहाही जण निर्दोष सुटले. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. तोवर सुमारे सोळा वर्षे गेली होती. देशातील सर्वोच्च पीठापुढेही बाजू मांडली जाण्याची खात्री नसेल, तर तालुका न्यायालयाच्या सकाळच्या गर्दीत ती असेल असे गृहीत धरणे भाबडेपणाचे ठरेल.

आता मूळ विषयाकडे वळता येईल. मुंबई भीक प्रतिबंधक अधिनियम, १९५९, जो आता महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो, त्याच्या कलम २ मधील 'भीक मागणे' या संज्ञेची व्याप्ती वाचणाऱ्याला चकित करते. सार्वजनिक जागी हात पसरणे तिच्यात येतेच. पण गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा किरकोळ वस्तू विकण्याच्या निमित्ताने पैसे घेणे, जखम किंवा व्यंग दाखवून दान मागणे, आणि उपजीविकेचे दिसण्याजोगे साधन नसताना भीक मागून जगत असावा असे वाटेल अशा अवस्थेत सार्वजनिक जागी वावरणे, या साऱ्या गोष्टीही येतात. शेवटचा भाग विशेष लक्षात घेण्याजोगा आहे, कारण त्यात कोणतेही कृत्य सिद्ध करावे लागत नाही. माणसाची अवस्था हाच पुरावा होतो. वासुदेव, बहुरूपी, नंदीवाले, कुडमुडे जोशी अशा ज्या समाजांना महाराष्ट्र शासन भटक्या जमाती म्हणून सवलती देते, त्यांचा परंपरागत व्यवसाय या व्याख्येत जवळजवळ नावानिशी वर्णिला गेला आहे. व्रत म्हणून मागितलेली भिक्षा आणि भूक म्हणून मागितलेली भीक यांतही ती फरक करीत नाही. साईबाबा अखेरपर्यंत शिर्डीतील पाच घरी भिक्षा मागत, आणि ती घरे आजही भाविकांना दाखवली जातात. १९५९ चा कायदा त्या काळी असता तर त्याच्या अक्षरार्थातून बाबांना वगळण्यासाठी एखाद्या चांगल्या वकिलाला बरेच श्रम घ्यावे लागले असते.

अधिनियमाचे कलम ४ पोलिसाला अशा माणसाला वॉरंटशिवाय अटक करण्याचा अधिकार देते. कलम ५ नुसार न्यायालय 'संक्षिप्त चौकशी' करते, म्हणजे नियमित खटल्याप्रमाणे दोषारोप, साक्षीपुरावा आणि उलटतपासणीच्या सर्व पायऱ्या न चढता थोडक्यात निष्कर्षाला येते. मनुष्य भिक्षेकरी नाही असे दिसले तर त्याला तात्काळ सोडायचे; आहे असे दिसले तर त्याला प्रमाणित संस्थेत, म्हणजे शासनमान्य भिक्षेकरी गृहात, किमान एक आणि कमाल तीन वर्षे ठेवण्याचा आदेश द्यायचा. तो पुन्हा भीक मागणार नाही असे न्यायालयाला वाटल्यास समज देऊन व बंधपत्र घेऊन सोडण्याची मुभाही याच कलमात आहे. असा आदेश भोगून आलेला मनुष्य कलम ६ खाली पहिल्यांदा दोषी ठरला तर दोन ते तीन वर्षांची, आणि त्यानंतर पुन्हा ठरला तर दहा वर्षांची स्थानबद्धता होऊ शकते, ज्यातील दोन वर्षांपर्यंतचा काळ कारावासात बदलता येतो. भारतीय न्याय संहितेतील साध्या चोरीची कमाल शिक्षा तीन वर्षे आहे, हे येथे सहज आठवावे. चोरी करणाऱ्याला दोषारोप वाचून दाखवला जातो, साक्षीदार तपासले जातात आणि वकील दिला जातो. चोरी न करता हात पसरणाऱ्याची संक्षिप्त चौकशी होते, आणि ती सांगणाऱ्या कलमात वकिलाचा उल्लेखही नाही.

शिर्डीत या कायद्याखालील धरपकड नवी नाही. देशभरातून भाविक येणाऱ्या नगरीत निराधार, रुग्ण आणि घरच्यांनी सोडलेले वृद्ध येतात, तसे भाविकांना त्रास देणारे आणि मुलांना पुढे करून पैसा कमावणारेही येतात, आणि पोलीस, नगरपरिषद व साईबाबा संस्थान यांच्या संयुक्त मोहिमा वेळोवेळी होत आल्या आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये संस्थानच्या दोन कर्मचाऱ्यांची पहाटे हत्या झाली. नगरीतील गुन्हेगारीविषयी संताप उसळला आणि बाहेरून येऊन राहणाऱ्यांविरुद्ध कारवाईची मागणी वाढली. त्याच वर्षी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात झालेल्या मोहिमेत सुमारे पन्नास जणांना भिक्षेकरी म्हणून ताब्यात घेण्यात आले आणि न्यायालयाच्या आदेशाने त्यांची रवानगी शंभर किलोमीटरहून दूर, श्रीगोंदा तालुक्यातील विसापूरच्या भिक्षेकरी गृहात झाली. त्यांच्यापैकी प्रकृती बिघडलेल्या काहींना अहिल्यानगरच्या जिल्हा रुग्णालयात हलवण्यात आले, आणि काही दिवसांतच त्यांतील चौघांचा मृत्यू झाला. नातेवाईकांनी गंभीर आक्षेप घेतले, चौकशीची मागणी झाली. त्या मृत्यूंची जबाबदारी कोणावर, हा प्रस्तुत व्याख्यानाचा विषय नाही. विषय त्याच्या आधीच्या टप्प्याचा आहे. रस्त्यावरून उचललेल्या आजारी माणसाची सोय रुग्णालयात करायची की भिक्षेकरी गृहात, हे ज्या न्यायालयात ठरते, तेथे त्याच्या बाजूने 'साहेब, हा माणूस आजारी आहे' एवढे तरी म्हणणारा कोण असतो?

याला एक तांत्रिक उत्तर दिले जाते, आणि ते वरवर भक्कम वाटते. भिक्षेकरी गृहातील मुक्काम ही शिक्षा नसून पुनर्वसन आहे, पहिल्या वेळी सापडलेला भिक्षेकरी आरोपी नसून संरक्षणाची गरज असलेला माणूस आहे, म्हणून फौजदारी आरोपीचे हक्क त्याला लागू होत नाहीत, असे ते उत्तर होय. १९५२ मध्ये पंजाब सरकार विरुद्ध अजायबसिंग या प्रकरणात, फाळणीच्या काळात पळवून नेलेल्या स्त्रियांना ताब्यात घेणे ही अनुच्छेद २२ च्या अर्थाने अटक नव्हे असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते, त्याचा आधार या मताला घेता येतो. परंतु तो निकाल नीट वाचला तर तो उलट बाजूने बोलतो. गुन्ह्याच्या किंवा गुन्हासदृश कृत्याच्या, अथवा सार्वजनिक हिताला बाधक वर्तनाच्या आरोपावरून जेव्हा कोणाला पकडले जाते, तेव्हा अनुच्छेद २२ लागू होतो, असेच त्यात सांगितले आहे. आणि १९५९ चा अधिनियम तर स्वतःच 'वॉरंटशिवाय अटक' हा शब्दप्रयोग करतो, पुनरावृत्तीला वाढती शिक्षा सांगतो आणि कारावासापर्यंत जातो. ज्या दाराला बाहेरून कुलूप आहे, त्यामागच्या मुक्कामाला पुनर्वसन म्हटल्याने वकिलाची गरज संपत नाही. प्रतिनिधित्वाचा हक्क कार्यवाहीच्या नावावरून ठरवण्याऐवजी ती कार्यवाही माणसाचे किती स्वातंत्र्य हिरावून घेऊ शकते यावरून ठरवला पाहिजे, हे या व्याख्यानाचे प्रतिपाद्य आहे.

सुदैवाने यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १२ मध्ये मोफत वकील कोणाला मिळावा याची यादी आहे; स्त्रिया, बालके, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती आणि दिव्यांग यांच्याबरोबरच अभिरक्षेत असलेली, म्हणजे शासनाच्या ताब्यात असलेली, प्रत्येक व्यक्ती तिच्यात येते, आणि तिला उत्पन्नाची अट नाही. पोलिसांनी गाडीत बसवलेला भिक्षेकरी त्या क्षणापासून या कलमाचा लाभार्थी असतो. अलीकडच्या वर्षांत जिल्हा पातळीवर लोकअभिरक्षक कार्यालये सुरू झाली आहेत, जेथे सरकारी अभियोक्त्याच्या धर्तीवर पूर्णवेळ नेमलेले वकील केवळ आरोपींच्या बचावाचे काम करतात. यंत्रणा आहे, तरतूद आहे. धरपकडीच्या दिवशी ती न्यायालयात पोहोचत नसेल तर उणीव केवळ निरोपाची आहे, आणि तो निरोप देण्याचा आदेश महाराष्ट्राच्या पोलिसांना १९८३ मध्येच मिळालेला आहे.

असा वकील तेथे जाऊन काय करील, असा प्रश्न व्यवहारी मनाला पडतो, कारण बहुतेक प्रकरणांत माणूस भीक मागत होता हे खरेच असते. पण भीक मागणे सिद्ध झाले की स्थानबद्धता अटळ, असे कायदाही म्हणत नाही. २००६ मध्ये राम लखन प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने हाच अधिनियम वाचताना भिक्षेकऱ्यांचे प्रकार पाडून दाखवले होते: आळशी, व्यसनी, टोळीच्या हुकमतीखाली असलेला आणि खरोखर उपाशी, आणि शेवटच्या माणसापुढे दुसरा मार्गच नव्हता असा, म्हणजे अपरिहार्यतेचा, बचाव मान्य होऊ शकतो असे म्हटले होते. हा भेद कागदावरून कळत नाही, विचारपूस करूनच कळतो. तेलुगू किंवा तमिळ बोलणाऱ्या वृद्धेसाठी दुभाषी मागणे, पाकीट हरवलेल्या भाविकाच्या घरी दूरध्वनी करून त्याची ओळख पटवणे, फुगे विकणारा आणि मागणारा यांतला फरक न्यायालयाच्या नजरेस आणणे, समज व बंधपत्रावर सुटका मागणे, ही सारी कामे वकिलाची आहेत आणि त्यांना फार मोठे कायदेज्ञान लागत नाही. मनोरुग्णाच्या बाबतीत तर कार्यवाहीच बदलावी लागते: मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ च्या कलम १०० नुसार बेघर, भटकणाऱ्या मनोरुग्णाला पोलिसांनी चोवीस तासांत सरकारी आरोग्य संस्थेत न्यायचे असते आणि त्याला कोठडीत ठेवता येत नाही. मुलांनी दर्शनाच्या निमित्ताने आणून सोडून दिलेले वृद्ध आईवडील सापडले, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २४ खाली गुन्हा त्या मुलांकडून घडलेला असतो. वकील नसेल तर पीडितालाच आरोपीच्या रांगेत उभे करून वर्षभर बंद करण्याचा प्रकार घडतो, आणि तो कोणाच्या लक्षातही येत नाही.

दिल्लीत हा प्रश्न वेगळ्या वाटेने सुटला. मुंबईचा हा कायदा १९६० मध्ये दिल्लीला लागू करण्यात आला होता. ८ ऑगस्ट २०१८ रोजी हर्ष मंदर प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयाने भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी त्यातील कलमे घटनाबाह्य म्हणून रद्द केली, मात्र मुलांना किंवा इतरांना भिकेला लावणाऱ्यांविरुद्धचे कलम ११ कायम ठेवले. तो निकाल दिल्लीपुरता असल्याने जो कायदा तेथे निष्प्रभ झाला, तो आपल्या जन्मभूमीत, महाराष्ट्रात, अजून जिवंत आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीच्या लामपूर भिक्षेकरी गृहातील २००० सालच्या मृत्यूंच्या प्रकरणात देशभरातील अशा गृहांसाठी निर्देश दिले, ज्यात दाखल होताच चोवीस तासांत वैद्यकीय तपासणी करण्याचाही समावेश आहे. विसापूरच्या पार्श्वभूमीवर त्याचे महत्त्व सांगण्याची गरज नाही. तरीही हे निर्देश दाराच्या आतले आहेत; दारापर्यंत नेणाऱ्या चौकशीचा प्रश्न त्यांनी संपत नाही.

शिर्डीकरांच्या बाजूने एक गोष्ट प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. मंदिर परिसरात भाविकांच्या मागे लागणाऱ्या टोळ्या, नशेत पडलेले तरुण आणि भाड्याने आणलेली मुले हा ज्यांच्या रोजच्या जगण्याचा भाग आहे, त्यांना मानवी हक्कांची भाषा दुरून केलेला उपदेश वाटते. पण वकिलाची उपस्थिती त्यांच्याही हिताची आहे, कारण टोळी चालवणारा बहुधा पकडला जात नाही आणि पकडला गेला तर स्वतःचा वकील घेऊन येतो. संक्षिप्त चौकशीत अडकतो तो टोळीबाहेरचा, एकटा. या दोघांना एकमेकांपासून वेगळे काढण्याचे काम बचावाचा वकीलच सर्वांत चोख करू शकतो, कारण ते त्याच्या अशिलाच्या फायद्याचे असते.

महाराष्ट्राने कसाबला खटल्यात आणि उच्च न्यायालयात सरकारी खर्चाने वकील दिले आणि त्याबद्दल योग्य अभिमान बाळगला. ज्यांचा तिरस्कार केला जातो त्यांना वकील देण्याचे धैर्य या राज्याने दाखवले आहे. ज्यांच्याकडे कोणी पाहतच नाही त्यांना तो देण्यासाठी धैर्यही लागत नाही, फक्त नेमणूक लागते. म्हणून अहिल्यानगर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला आणि राहाता व कोपरगावच्या वकील संघांना विनंती अशी, की शिर्डीतील पुढच्या मोहिमेचा दिवस ठरेल तेव्हा पोलिसांच्या गाड्यांबरोबर लोकअभिरक्षकाचे आणि दुभाष्याचे नावही त्या दिवसाच्या नियोजनात असावे, आणि वकिलाशी बोलल्याची नोंद झाल्याशिवाय एकाही माणसाची चौकशी सुरू होऊ नये. आणि श्रोत्यांपैकी कोणाच्या डोळ्यांदेखत कोणी असा पकडला गेला, तर राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाचा दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. तो फिरवण्यासाठी पकडल्या गेलेल्याचे नातेवाईक असावे लागत नाही.